टेकडीकडून की नदीकडून

लढाईच्या दिवसांत मास्तरांना कुणी साहेब म्हटलं नाही. खांद्यावर पट्ट्या होत्या, खोलीच्या दाराशी शिपाई उभा असायचा, अठरा बॉम्बफेकी विमानं आणि एकशे ऐंशी माणसं त्यांच्या शब्दावर आकाशात जायची. तरी पेट्रोलची नळी धरणाऱ्यापासून ते वैमानिकापर्यंत सगळ्या तळावर त्यांचं नाव एकच, मास्तर. लढाईआधी ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि लढाईत आल्यावरही त्यांची ती खोड गेली नाही. मोहिमेची माहिती देताना खडू हातात घ्यायचे, मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं तर वाक्य अर्ध्यात सोडून त्याच्याकडे बघत राहायचे, आणि एवढी दाढीमिशीवाली माणसं कान धरल्यासारखी गप्प व्हायची.

आणि हजेरी. विमानं परतली की पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये सगळ्यांनी बाकांवर येऊन बसायचं, मास्तरांनी निळ्या पुठ्ठ्याची वही उघडून एकेक नाव घ्यायचं. ज्याचं नाव तो म्हणायचा, "हजर." जो आला नसेल त्याचंही नाव मास्तर घ्यायचेच. मग "हजर" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबायचे आणि पुढचं नाव. तेवढ्या वेळात वर पत्र्यावर चालणाऱ्या कबुतरांची नखं ऐकू यायची. काही दिवस असे गेले की कबुतरांचंच जास्त ऐकू आलं.

उंचीचं वेड त्यांना लहानपणापासूनचं. वडील घरांची कौलं शाकारायचे. सुट्टीच्या दिवशी ते मुलाला बरोबर न्यायचे, छपराच्या कण्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसवायचे आणि बजावायचे, "खाली बघायचं नाही, घेरी येते." मुलगा फक्त खालीच बघायचा. तिथून मागची अंगणं दिसायची, दोरीवरचे कपडे दिसायचे, एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या दोन घरांची एकच भिंत दिसायची. जमिनीवरून गाव म्हणजे नुसते आडोसे. वरून बघितलं की सगळं एकमेकांना धरून बसलेलं. त्याला ते स्वप्नात असल्यासारखं वाटायचं, आणि स्वप्नात असतं तसंच वाटायचं की आपण बघतोय पण आपल्याला कुणी बघत नाहीये.

पुढे भूगोल शिकायला ते सीमेपलीकडच्या मोठ्या शहरात गेले. तेव्हा सीमा म्हणजे आगगाडीत एकदा तिकीट आणि एकदा कागद दाखवणं, एवढंच. नदीकाठचं शहर, पश्चिमेला नदी, पूर्वेला टेकड्या, मधे रेल्वेचं मोठं यार्ड. यार्डाच्या टेकडीकडच्या अंगाला उताराची एक गल्ली होती. एक्केचाळीस घरं. त्यातल्या सतराव्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, छपराखालची खोली.

घरमालकीण विधवा होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. घरी शिवणयंत्रावर शर्टांच्या कॉलरी शिवायची आणि विरलेल्या कॉलरी उलटवून द्यायची. भाडेकरू विद्यार्थ्यांची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत ती पडत नसे. जो जे शिकतो ते त्याचं नाव.

"रसायन! तुझ्या खोलीतून परत वास येतोय. आणि भूगोल, तू सगळं जग मापतोस, तुला पायपुसणं सापडत नाही?"

"मावशी, आज पाऊस नाही."

"चिखल कुठून आला मग? मनातून?"

मावशीच्या मेलेल्या बहिणीची मुलगी तिच्याकडेच वाढत होती. सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. परीक्षेसाठी भूगोलाला एका गल्लीचा मापून नकाशा काढायचा होता, तेव्हा मापाच्या फितीचं दुसरं टोक ह्या मुलीने धरलं. तीन रविवार दोघं उतारावर वर-खाली करत होती. प्रत्येक दाराशी ती ओरडून सांगायची, आत कोण राहतं, त्यांच्या मांजरीला पिल्लं किती. भूगोलाने तेही वहीत लिहून घेतलं.

"हे परीक्षेत विचारणारेत?" तिने विचारलं.

"नाही."

"मग का लिहितोस?"

"तू सांगतेयस म्हणून."

नकाशाला पहिला क्रमांक मिळाला. मांजरींसकट.

शिक्षण संपलं, ते परत आले, शाळेत लागले, लग्न झालं. टेकड्यांचे नकाशे बरोबर काढता यावेत म्हणून दर शनिवारी एका क्लबात विमान चालवायला शिकले. बायको म्हणायची, "इतरांचे नवरे पत्ते खेळायला जातात, माझा ढगात जातो." मग लढाई आली, आणि ज्यांना विमान चालवता येत होतं त्यांना कुणी विचारलं नाही, बोलावलं. वरच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या, तसतसे मास्तर वर सरकत गेले. चौथ्या वर्षी ते तुकडीचे प्रमुख झाले. त्या बढतीबद्दल त्यांचं कुणी अभिनंदन केलं नाही, आणि त्यांनाही ते बरंच वाटलं.

एका दुपारी हुकूम आला. पाकिटात नकाशा होता. नदीकाठचं शहर, रेल्वेचं यार्ड, त्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल. उद्या सकाळी.

मास्तर नकाशा टेबलावर पसरून बसले. खिडकीबाहेर धावपट्टीवर ऊन लहरत होतं आणि दूरची विमानं पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. नॅव्हिगेटर आत आला. बावीस वर्षांचा, इतका उंच की विमानात अर्धा दुमडून बसायचा. सगळे त्याला लंब्या म्हणायचे. मोहिमेची वाट आखायला मास्तरांना नेहमी हाच लागायचा.

लंब्या थोडा वेळ नकाशाकडे आणि थोडा वेळ मास्तरांकडे बघत राहिला.

"तुम्ही ह्या शहरात राहिलायत."

"तुला कोण म्हणालं?"

"तुमचं बोट. सगळ्या नकाशावरून फिरतंय, फक्त इथे आलं की उचलतंय."

मास्तरांनी बोट खिशात घातलं.

"तीन वर्षं. शिकायला होतो."

"कुठे राहायचात?"

मास्तरांनी नकाशाची घडी हाताने सरळ केली. लंब्याने परत विचारलं नाही. त्या तळावर काही प्रश्न एकदाच विचारायची रीत होती.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण मास्तरांचं पुढचं सगळं आयुष्य तिच्यावर टांगलेलं राहिलं. बॉम्ब टाकणारा माणूस काचेवर पालथा पडून खाली बघत असतो. भोवती तोफांचे गोळे फुटत असतात. बॉम्ब सोडल्याशिवाय वळायला परवानगी नसते. अशा वेळी बॉम्ब सोडायच्या कळीवरचा अंगठा कुणाचं ऐकत नाही. पहिलं विमान वेळेवर सोडतं. त्याचा धूर बघून दुसरं पापणी लवेल तेवढं आधी सोडतं. तिसरं त्याच्याही आधी. अठराव्या विमानापर्यंत येता येता बॉम्ब निशाणाच्या कितीतरी अलीकडे पडायला लागतात. ज्या बाजूने विमानं आली त्याच बाजूला बॉम्बांची रांग मागे मागे लांबत जाते. मास्तर तिला शेपूट म्हणायचे. किती रागावलं, किती समजावलं, तरी शेपूट कधी तुटलं नव्हतं. म्हणजे निशाण कुठलं हे वरून ठरून येत असे, पण त्याच्याखेरीज आणखी कुणाच्या डोक्यावर आग पडणार हे ठरायचं विमानं कुठल्या दिशेने येतात त्यावरून. आणि दिशा मास्तर ठरवायचे.

"टेकडीकडून की नदीकडून?" लंब्याने विचारलं.

"तू सांग."

"टेकडीकडून. तोफा कमी आहेत, सकाळचं ऊन आपल्या पाठीशी, त्यांच्या डोळ्यांत. शेपूट पडेल ह्या उतारावर." त्याने पेन्सिलीचं मागचं टोक टेकवलं. "घरं आहेत."

"आणि नदीकडून?"

"शेपूट पाण्यात. घरांना धक्का नाही. पण दोन्ही काठांवर तोफा आहेत, मास्तर. गेल्या महिन्यात शेजारच्या तुकडीची नदीवर चार विमानं गेली." तो थांबला. "चाळीस माणसं."

मास्तर उठून खिडकीशी गेले. बाहेर दोन मेकॅनिक पंखावर बसून कुठल्याशा गोष्टीवर हसत होते. गल्लीतली घरं त्यांच्या डोळ्यांपुढून अशी जायला लागली, जशी आगगाडीतून जातात. एक, बूट शिवणारा. दोन, जुळ्या बहिणी. पाच, बेकरी. सकाळी साडेआठला तिथे रांग लागते. सतरा. आणि त्याच वेळी वहीतली नावंही जायला लागली, ओळीने, जशी रोज घ्यायचे तशी. दोन्ही रांगा शेजारून चालल्या होत्या, आणि मास्तरांना वाटलं आपण जर पुरेसं स्तब्ध उभे राहिलो तर त्या अशाच चालत राहतील, कुणाला थांबायला लागणार नाही.

"मास्तर," लंब्या मागून हळूच म्हणाला, "नदीकडून म्हणालात तर मी तशी वाट आखतो. कारण विचारणार नाही. पोरंही विचारणार नाहीत."

पोरं विचारणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं.

"टेकडीकडून," ते म्हणाले. "आणि निशाण यार्डाच्या मध्यावर धरायचं नाही. चारशे पावलं पुढे, नदीच्या अंगाला धरायचं."

"म्हणजे पहिले बॉम्ब यार्डाच्या पलीकडे वाया जातील."

"जाऊ देत. शेपूट यार्डात संपेल."

"चारशेत संपेल?"

"यार्डाच्या कुंपणापासून बेकरीपर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत."

लंब्याने मान वर केली. नकाशावर बेकरी नव्हती.

पहाटे मास्तर शेडमध्ये खडू घेऊन उभे राहिले. एकच गोष्ट तीनदा सांगितली. "धुराकडे बघून सोडायचं नाही. निशाणाकडे बघून सोडायचं. मनात दोन आकडे जास्त मोजा. दोन. माझ्यासाठी." शेवटचे दोन शब्द त्यांनी आधी कधी वापरले नव्हते. बाकांवर चुळबुळ झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, मोजताना जीव गेला तर पास करणार का?" आणि सगळी शेड हसली. मास्तरही हसले.

ते स्वतः पहिल्या विमानात बसले. प्रमुखाने दर वेळी जावं असा नियम नव्हता. पण त्या दिवशी त्यांना खाली राहणं जमलं नसतं. वर हवा विरळ असते, मुखवट्यातून श्वास घ्यावा लागतो आणि आपलाच श्वास कुणीतरी शेजारी झोपल्यासारखा ऐकू येतो. ऊन पाठीशी होतं. ढग खाली नांगरलेल्या शेतासारखे पडले होते, मग ते संपले आणि शहर आलं. वडिलांच्या छपरावरून दिसायचं तसंच. नदी, पूल, यार्डातल्या रुळांचा विस्कटलेला केशसंभार. मास्तरांनी खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं. ते फक्त खालीच बघत राहिले.

त्यांच्या विमानाचे बॉम्ब वेळेवर सुटले. मग वळणावर आल्यावर त्यांनी मागे बघितलं. धूर यार्डापलीकडे उठला, मग यार्डात, मग यार्डाच्या अलीकडच्या टोकाला, आणि तिथे क्षणभर थांबल्यासारखा वाटला. मास्तर मुखवट्याच्या आत पुटपुटले, "बास, बास." धूर उलट्या पावलांनी कुंपण ओलांडून उतारावर आला. आवाज काहीच नव्हता. एवढ्या उंचीवर खालचं काही ऐकू येत नाही.

अठराच्या अठरा विमानं परत आली. असं त्या वर्षात पहिल्यांदाच घडलं होतं. मास्तरांनी वही उघडली. एकशे ऐंशी नावं, एकशे ऐंशी "हजर", मधे कुठेच थांबायला लागलं नाही. शेवटच्या नावानंतर शेड अशी उसळली की कबुतरं उडाली. पोरांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं. लंब्याच्या खांद्यावरून त्यांना सगळ्यांचे चेहरे वरून दिसले, तोंडं उघडी, केस घामाने चिकटलेले, आणि एवढे जिवंत की बघवेना.

दुसऱ्या दिवशी उंचावरून घेतलेले फोटो आले. मास्तर भिंग घेऊन बसले. यार्ड मोडलेलं होतं, कामगिरी फत्ते. उताराच्या गल्लीवर नेमका एक ढग होता. छोटासा, कापसाच्या पेळूसारखा. त्यांनी फोटो तिरपा केला, उजेडात धरला. ढगाखाली काय आहे हे भिंगाला कसं कळणार? संध्याकाळी त्यांनी वहीत काही लिहायला घेतलं आणि नुसतंच पेन पुसून ठेवलं.

लढाई संपली. मास्तर शाळेत परतले. तोच फळा, तोच खडू, फक्त वर्गातल्या मुलांची आडनावं ओळखीची वाटायला लागली, कारण लढाईवर गेलेल्या पोरांचे धाकटे भाऊ मोठे झाले होते. सीमेपलीकडच्या नद्यांचा धडा आला की ते घाईने शिकवून टाकायचे. तीन वर्षं असं चाललं. शेवटी एका सकाळी बायकोने त्यांच्यापुढचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"तू जाऊन ये."

"कुठे?"

"मला काय माहीत कुठे? झोपेत रोज एकेक घर मोजतोस. सतरावर आलास की जागा होतोस. जा, अठरावं बघून ये."

"आणि अठरावं नसलं तर?"

"मग निदान झोपशील तरी. तुझ्या मोजण्याने मीच झोपेनाशी झालेय."

ते गेले. आता सीमेवर कागद चार ठिकाणी दाखवावा लागला. उताराची गल्ली खालच्या बाजूने अजून होती. बूट शिवणारा होता, बेकरीच्या जागी फळ्यांची शेड होती. अकराव्या घरापासून पुढे एक मोकळं मैदान, त्यावर गवत आणि गवतावर दोऱ्या बांधून वाळत घातलेल्या चादरी. मैदानाच्या कडेला जुन्या घरांची तळघरं तेवढी उरली होती, त्यांना वरून पत्रे टाकले होते. एका तळघराच्या दाराशी पाटी होती, कॉलर शिवून व उलटवून मिळेल.

चार पायऱ्या उतरून ते आत गेले. शिवणयंत्रामागे बसलेल्या बाईने मान वर न करता हात पुढे केला. "द्या."

मास्तरांच्या हातात काही नव्हतं. बाई उठली, जवळ आली आणि त्यांच्या गळ्याशी हात घालून अंगातल्या शर्टाचीच कॉलर उलगडून बघितली.

"हे कुणाचं काम? बायकोचं? टाके चांगले आहेत. पण एकदा उलटवलेली परत उलटवता येत नाही." मग तिची नजर कॉलरवरून वर सरकली. बराच वेळ तशीच राहिली. "भूगोल?"

"हो, मावशी."

"मेला नाहीस?"

"नाही."

"बस मग. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय गेलाय. ह्याच्यावर बस."

ते बसले. मावशी बोलत राहिली, हात चालतच होते. रसायन लढाईत गेला. बेकरीवाला दुसऱ्या गावी मुलाकडे. "आणि ती..." असं म्हणून तिने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "रांगेत होती. पावाच्या. मी म्हटलं होतं नऊनंतर जा, गर्दी ओसरते. म्हणाली, नऊनंतर शिळा मिळतो. अठरा वर्षांची घोडी, ऐकते थोडीच." ती चाकाकडे बघत होती. "कुंपणाच्या पलीकडे यार्ड आहे, तिथे पाडायचं सोडून मूर्खांनी इथे पाडलं. नेम तरी शिकायचा."

मास्तरांना वाटलं, आता उठावं, कॉलरीचे पैसे विचारावेत, बाहेर पडावं. चार पायऱ्या होत्या.

"मावशी, नेम माझा होता."

तिला कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. टेकडी, नदी, शेपूट, चारशे पावलं. फळ्यासमोर सांगावं तसं सांगितलं, क्रमाने, काही न गाळता, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने त्यांना सांगता येत नव्हतं. सांगून झाल्यावर तळघरात एवढं शांत झालं की वरच्या पत्र्यावर चादरीचं पाणी ठिबकताना ऐकू आलं.

"गल्ली तुला पावलापावलाने माहीत होती," मावशी म्हणाली.

"हो."

"तिने माप धरलं होतं."

"हो."

"आणि नदीकडून आला असतास तर?"

"आमची चाळीस गेली असती. कदाचित तीस. कदाचित मीही."

"आणि तशी गेली किती?"

"एकही नाही."

मावशीने कात्री उचलली. मास्तर हलले नाहीत. तिने एका कॉलरीचा दोरा कापला आणि कात्री परत खाली ठेवली.

"जा आता. माझ्याकडून आत्ता काही बोललं जाणार नाही. पुढच्या वर्षी ये."

"पुढच्या वर्षी?"

"तुला काय वाटलं, एकदा सांगून सुटशील? पुढच्या वर्षी ये म्हणतेय ना."

ते गेले. पुढच्या वर्षीही गेले आणि त्याच्या पुढच्याही. शाळेला सुट्टी लागली की बायको आपणहून पिशवी भरून द्यायची. मावशी त्यांना बसवायची, काम करत राहायची आणि दर वर्षी एखादाच प्रश्न विचारायची. एकदा विचारलं, "वरून घर दिसलं?" ते म्हणाले, "नाही. धूर होता." पुढच्या वर्षी विचारलं, "त्या दिवशी जेवलास?" मास्तरांना खोटं बोलायचा मोह झाला. "जेवलो," ते म्हणाले. "पोटभर. पोरं सोडेनात." मावशीने मान डोलवली, जणू तेवढं तरी खरं निघालं. चौथ्या भेटीत तिने काहीच विचारलं नाही, त्यांना शिडीवर चढवून पत्र्यातली भोकं बुजवून घेतली. मास्तरांना कौलं शाकारणाऱ्याच्या घरचं असल्याचं त्या दिवशी पहिल्यांदा समाधान वाटलं. वरून ती म्हातारी दिसत होती.

पाचव्या वर्षी ती म्हणाली, "एकाला घेऊन ये."

"कुणाला?"

"तुझ्या त्या पोरांतल्या. चाळीस जगले म्हणतोस ना? मला एक तरी बघू दे. नुसत्या आकड्याशी मी किती वर्षं भांडू?"

लंब्या आता तिसाचा झाला होता. मास्तरांच्याच गावापासून दोन स्टेशनांवर घड्याळं दुरुस्त करायचा, दोन मुली होत्या. मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ एका घड्याळाचं झाकण बोटांत फिरवत राहिला.

"तिने मारलं तर?"

"तर मार खायचा."

"तुम्ही असाल ना तिथे?"

"असेन."

तळघराच्या दारातून आत येताना त्याला जवळजवळ दुमडावं लागलं. मावशी यंत्रामागून उठली. त्याच्यापुढे येऊन उभी राहिली, तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंतच पोचत होतं. तिने त्याला न्याहाळलं. कपड्याचा ताका न्याहाळावा तसं, उजेडाकडे वळवून.

"वय?"

"तीस."

"ती सव्वीसची असती." मग जरा थांबून, "लग्न झालंय?"

"हो. दोन मुली आहेत. मोठी सहाची."

मावशीचा चेहरा हलला नाही, पण तिने मागे न बघता हाताने चाचपून स्टूल शोधलं आणि बसली. लंब्याला समोर बसायची खूण केली.

"सांग."

"काय सांगू?"

"त्या दिवसापासून. उतरलास, तिथपासून. काय काय केलंस, कुठे गेलास, कुणाला भेटलास. सगळं."

"मावशी, आठ वर्षं झाली. सगळं कसं..."

"मला सगळंच पाहिजे. तिच्या वाटणीचं तुला मिळालंय. काय केलंस त्याचं, ते मला कळायला नको?"

लंब्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तर तोंड उघडणार तोच मावशीने हात वर केला. "तू नको. तुझं मी ऐकलंय. त्याला बोलू दे."

मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. उंच खिडकीतून गवताची मुळं आणि उजेडाची एक पट्टी दिसत होती. चादरींच्या सावल्या भिंतीवरून सावकाश जात-येत होत्या.

"उतरलो," लंब्या म्हणाला. "हजेरी झाली. जेवलो. मग बूट न काढताच झोपलो."

"आणि उठल्यावर?"

"उठल्यावर धुकं होतं. दोन दिवस धुकंच होतं, विमानं उडालीच नाहीत. आम्ही नुसते बसून होतो. कुणी दाढ्या केल्या. मी पत्र लिहिलं."

"कुणाला?"

"आईला."

"काय लिहिलंस?"

लंब्याने कपाळ चोळलं. त्याच्या ओठांनी दोनदा काहीतरी जुळवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "खरंच आठवत नाही, मावशी. नेहमीचंच असेल काहीतरी."

मावशीने मांडीवरची कॉलर बाजूला ठेवली. हात मोकळे करून गुडघ्यांवर ठेवले.

"आठव," ती म्हणाली. "मला घाई नाही."